पेट्रोल गाळून घेणारी बाई

चार दिवस आमच्या डायनिंग टेबलवर जेवण नव्हतं, नकाशा होता. ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायचं आणि टेबलच्या आसपास पाण्याचा ग्लास पण न्यायचा नाही असा हुकूम होता. हुकूम काढणारी माझी भाची, ताईची मुलगी. घरात सगळे तिला चिऊ म्हणतात, अगदी बारशाच्या आधीपासून, आणि आता ती खरंच विमान चालवायला शिकतेय तर येणारा प्रत्येक पाहुणा तोच जोक मारतो आणि तिला तो अजिबात सहन होत नाही. विदर्भातच एका ठिकाणी ट्रेनिंग चालू आहे, होळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली आणि येताना सगळा बाडबिस्तरा घेऊन आली, लांब प्लास्टिकची पट्टी, पेन्सिली, खोडरबर आणि एक गोल फिरणारी चकती जिला ती फ्लाइट कॉम्प्युटर म्हणते. त्यात सेल नाही, वायर नाही, नुसती चकतीवर चकती. मी हसलो तर म्हणाली मामा हसू नको, बॅटरी संपली तरी हा चालतो.

हे सगळं कशासाठी तर तिची सोलो क्रॉस कंट्री होती. म्हणजे विमानात एकटीने बसायचं, एका विमानतळावरून उडायचं, दुसरीकडे उतरायचं आणि परत यायचं. आणि ते दुसरीकडे म्हणजे आपलं सोनेगाव, नागपूरचा विमानतळ! हे कळल्यापासून घरात लग्नघर झालं होतं.

माझ्या आईचा एकच प्रश्न, "एकटी काऊन पाठवतात वं तुले? सोबत कोणी सर-बिर नाही का?"

"आजी, एकटीच जायचं असते, तेच तर शिकायचं आहे नं."

"आन शू लागली तं?"

चिऊने नकाशातून मान वर केली नाही, पण कान लाल झाले. प्रश्न मात्र बरोबर होता हां. मी नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की एकट्याने लांब लांब विमान नेणाऱ्या लोकांची अर्धी डोकेदुखी असल्याच गोष्टींची असते. झोप, पाणी, शू, पाठ, आणि पेट्रोल. आपण आपलं समजतो की गॉगल लावला, मफलर उडवला, निघाले समुद्र ओलांडायला. 

तर या निमित्ताने आठवडाभर रात्री कूलरसमोर बसून (हो, मार्चमध्येच लावला यावर्षी) मी एका बाईबद्दल वाचत होतो. एमी जॉन्सन. १९३० साली ही बाई इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी विमान घेऊन गेली, असं करणारी पहिली बाई, एवढं मला क्विझसारखं माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं आणि बाकीचंच भारी आहे.

हल नावाच्या गावातली, बापाचा मासळीचा धंदा. कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकली, मग लंडनला वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट. फ्लाइंग क्लबात जायला लागली आणि उडायला शिकता शिकता हँगरमध्ये मेकॅनिक लोकांच्या हाताखाली इंजिन खोलायला पण शिकली, त्याचं रीतसर लायसन्स काढलं, इंग्लंडमधल्या बायकांमध्ये पहिलं. मला वाटतं तिची खरी गोष्ट इथेच आहे, पुढचं ऑस्ट्रेलिया वगैरे त्यातूनच आलं. विमान सेकंडहँड, जिप्सी मॉथ, ६०० पौंडांना, अर्धे पैसे बापाने दिले आणि अर्धे एका तेलकंपनीवाल्या लॉर्डने. विमानाचं नाव जेसन, तो बापाच्या मासळीच्या धंद्याचा ट्रेडमार्क! म्हणजे आपल्याकडे एखाद्या पोरीने विमानाला बापाच्या किराणा दुकानाचं नाव द्यावं तसं.

हे विमान म्हणजे लाकूड आणि कापड. पंखांवर कापडच ताणलेलं. इंजिन १०० हॉर्सपॉवर, आज आपल्या कॉलनीत उभी असलेली एखादी बरी एसयूव्ही त्याहून ताकदवान निघेल. स्पीड ताशी १४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे समृद्धीवर लोक चलानला न घाबरता पळवतात तेवढा. डोक्यावर छप्पर नाही, रेडिओ नाही. आणि निघाली तेव्हा तिचा एकूण उडण्याचा अनुभव ८५ तास, त्याआधीची सगळ्यात लांब ट्रिप लंडन ते हल, साधारण २३५ किलोमीटर. आपलं नागपूरहून अमरावती गाठून अकोल्याकडे सरकावं एवढं अंतर करून बाई निघाली १८ हजार किलोमीटरला. चिऊला हे सांगितलं तर ती म्हणाली, मामा, ८५ तासात आज सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, पण नाही मिळत, त्याला २०० लागतात.

५ मे १९३० ला लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाली. निरोप द्यायला बाप आणि चार ओळखीचे लोक. तारीख बघून मी थबकलो, कारण त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर आपल्याकडे दांडीजवळ कराडीला गांधीजींना अटक झाली होती. मिठाचा सत्याग्रह चालू, देश पेटलेला, आणि त्याच देशावरून ही बाई आठवड्याभरात उडत जाणार होती.

आणि गंमत म्हणजे त्याच महिन्यात आकाशात आपली पण पोरं होती. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलेलं, इंग्लंड ते भारत किंवा उलटं एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी टाटा कराचीहून निघालेले, १७ वर्षांचा ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये अबुकीरला, ॲस्पी तिथे अडकून बसलेला कारण त्याला स्पार्क प्लग हवे होते, आणि जेआरडींनी आपल्याकडचे देऊन टाकले. शर्यत ॲस्पी जिंकला. पुढे तो एअर फोर्सचा चीफ झाला. आपण स्कूटरचा प्लग शेजाऱ्याला देताना दोनदा विचार करतो.

तर एमी. रोज आठ-दहा तास उडायची, संध्याकाळी उतरली की सगळ्यांना वाटायचं आता बाई आराम करेल. ती ओव्हरऑल चढवून इंजिनाला भिडायची. प्लग काढून साफ कर, तेल बदल, आणि पेट्रोल भर. पेट्रोल डब्यातून यायचं, त्यात पाणी असू शकतं, कचरा असू शकतो, म्हणून ती ते मऊ चामड्यातून गाळून घ्यायची. सगळं. हाताने. यात तीन-चार तास जायचे आणि मग तेवढीच झोप, आणि पहाटे परत वर. मी स्वतः गाडीत पेट्रोल भरताना मीटरवर शून्य दिसतंय का एवढंच बघतो आणि त्यात पण कधी कधी मोबाईल बघत असतो.

हे मी चिऊला मोठ्या कौतुकाने सांगायला गेलो तर तिने आपलं सांगितलं. त्यांच्याकडे अजूनही तसंच आहे. उडायच्या आधी पंखाखाली वाकायचं, टाकीच्या खालच्या बाजूला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, एक पारदर्शक कप असतो त्याची सुई तिथे दाबली की पेट्रोल कपात येतं. तो कप उजेडासमोर धरायचा. पेट्रोल हलकं, पाणी जड, पाणी असलं तर खाली बुडबुड्यासारखं वेगळं बसलेलं दिसतं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं (मुद्दाम रंग घालतात म्हणे ओळखायला). सुरुवातीला एकदा तिने कप बघितला, सगळं एकसारखं दिसलं, ओके म्हणाली, तर सरांनी विचारलं, सगळं पेट्रोलच आहे हे कशावरून, सगळं पाणीच असलं तर? तेव्हापासून ती रंग बघते आणि वास पण घेते. मग पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवायची, किती पेट्रोल आहे ते पट्टीवरच्या ओल्या खुणेवरून. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. गावाकडे आजी रॉकेलच्या डब्यात काडी घालून बघायची अगदी तसं.

म्हणजे ९५ वर्षं झाली आणि चामड्याच्या जागी प्लास्टिकचा कप आला, बाकी बाई वाकलेलीच.

एमीची पुढची कहाणी थोडक्यात सांगतो, नाहीतर लेख संपणार नाही. तुर्कस्तानच्या डोंगरात ढगात घुसली. बगदादच्या आधी वाळवंटात वाळूचं वादळ, काही दिसेना, कसंबसं उतरवलं, चाकांना सामानाच्या बॅगा लावल्या, इंजिनावर कापड बांधलं आणि हातात पिस्तूल घेऊन पाठ टेकून बसून राहिली, दूर कुत्रे भुंकत होते. वादळ शमलं तशी परत निघाली. सहा दिवसात कराची, त्याआधीच्या विक्रमापेक्षा दोन दिवस कमी, आणि तिथून ती एकदम जगात फेमस झाली.

कराचीहून जायचं होतं अलाहाबादला. पण मे महिना, समोरून वारा, रस्ता चुकली, पेट्रोल संपत आलं आणि बाई उतरली झाशीला, छावणीतल्या परेड ग्राउंडवर. पंखाला मार लागला, तो तिथेच दुरुस्त केला आणि पुढे. हा भाग वाचून मला सगळ्यात जास्त अंगावर आलं कारण मेमधली झाशी मी बघितली आहे. दिल्लीहून येताना ट्रेन झाशीला थांबली की प्लॅटफॉर्मवर पाणी भरायला उतरायचो, नळाचं पाणी चहासारखं गरम. नागपूरकर उन्हाला घाबरत नाही, आपण नवतप्यात पण कांदा खिशात घालून बाजार करतो, पण उघड्या विमानात, इंजिनाची झळ तोंडावर घेत, आठ तास? आणि ऊन नुसतं माणसाला नाही, विमानाला पण लागतं. चिऊ म्हणते गरम हवा पातळ होते, पंखाला धरायला कमी मिळते, इंजिनाला श्वास कमी मिळतो, मग तेच विमान थंडीत जेवढ्या झोकात वर जातं तेवढं मेमध्ये जात नाही, रनवे पण जास्त खातं. म्हणून त्यांच्या बॅचा पहाटे. साडेचारला उठून पोरं हँगरवर.

रंगूनला बाईने विमान खड्ड्यात घातलं. उतरायची जागा चुकली, इंजिनिअरिंग कॉलेजचं मैदान निघालं ते, पुढे नाला. समोरचा फिरणारा पंखा तुटला (एक जास्तीचा बांधून आणलेला होता विमानाला, काय पण तयारी), पंखाचं कापड फाटलं. आता ते कापड कुठून आणणार? तर पहिल्या महायुद्धातलं उरलेलं विमानाचं कापड तिथे कोणीतरी शर्ट शिवायला वापरलेलं, ते शर्ट उसवून पंखाला लावले! कॉलेजच्या पोरांनी-मास्तरांनी मिळून दोन-तीन दिवसात विमान उभं केलं. पुढे जावामध्ये बांबूच्या खुंट्यांनी पंखाला भोकं पडली तर चिकटपट्ट्या लावल्या, जखमेवर लावतो त्याच. २४ मे ला डार्विन. साडेएकोणीस दिवस. विक्रम होता साडेपंधराचा, तो मोडला नाही. तिला स्वतःला ते लागलं असणारच, लोकांना काही फरक पडला नाही.

आणि ती गेली कशी माहिती आहे का, ५ जानेवारी १९४१ ला, ३७ वर्षांची. युद्धात विमानं इकडून तिकडे पोचवायचं काम करत होती, थंडी-ढगात भरकटली आणि थेम्सच्या मुखाशी पाण्यात. तिला काढायला नेव्हीच्या बोटीवरून उडी मारणारा अधिकारी पण गेला. ती सापडलीच नाही. त्या रात्री मी चिऊला हा भाग नाही सांगितला. तिला माहीत असणारच म्हणा, पण मी नाही सांगितला.

आमच्या बाबांना या सगळ्यात वेगळाच रस. बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते, नागपूरची ती रात्रीची हवाई टपाल त्यांनी शेवटची काही वर्षं बघितली आहे. नवीन लोकांना माहीत नसेल, १९४९ पासून १९७३ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारीकडून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला भेटायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची, प्रवासी पण बदलायचे, आणि पहाटेपर्यंत जो तो आपल्या गावी. झिरो माईलचा दगड आपण फोटोला वापरतो, पण देशाचा मध्य असण्याचा खरा उपयोग त्या थैल्यांना झाला. बाबा नकाशाशी येऊन उभे राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आमच्या टायमाला पायलट लोक उतरले की पहिले घड्याळ पाहत, मग चहा मागत." चिऊ म्हणाली, "आबा, मला पण घड्याळच बघायचं आहे."

कारण तिचं सगळं गणित घड्याळावर. नकाशावर रेघ मारायची, अमुक दिशेला अमुक स्पीडने गेलं की इतक्या मिनिटांनी खाली अमुक गोष्ट दिसली पाहिजे. रेल्वे लाइन, नदीचं वळण, हायवेचा पूल, तलाव. नाही दिसली तर आपण चुकलो. तलावाची एक मजा तिने सांगितली, नकाशावर तलाव निळा आणि टम्म भरलेला छापलाय, आणि मार्चमध्ये वरून बघावं तर अर्धा आटलेला, आकारच वेगळा, काठाला भलताच तपकिरी पट्टा. भंडारा-गोंदियाकडे तर तलावावर तलाव, कुठला कुठला समजायचा. म्हणून तिने तलावांवर फुली मारली आणि वैनगंगा ठेवली. गोसीखुर्द धरणाचं पाणी ठेवलं, ते चुकणं शक्य नाही म्हणाली. मी मनात म्हटलं शिकलेली पोरगी, पण बोलताना अगदी जुन्या बैलगाडीवाल्यासारखी खुणा सांगते.

आता थोडं रडगाणं. ताईने बेस्याचा प्लॉट विकून हे शिक्षण लावलं आहे. आणि मधले कित्येक महिने पोरगी नुसती बसून होती. विमान आहे तर पार्ट नाही, पार्ट आला तर सर नाही, सर आहेत तर ढग. नाव नाही घेत कोणाचं, तिला अजून तिथेच शिकायचं आहे. फी मात्र वेळेवर. मेडिकल, परीक्षा, रेडिओचं लायसन्स, एकेका कागदासाठी किती फेऱ्या झाल्या ते ताईला विचारा. आणि उडायच्या दिवशी पण नुसतं चावी फिरवली असं नाही, एडीसी नंबर घ्या (हवाई संरक्षणवाल्यांची परवानगी), एफआयसी नंबर घ्या (उड्डाण माहिती केंद्राचा), नंबर नाही तर उडणं नाही.

मी ताईला समजावलं की मोठ्या मोठ्यांचं पण हेच. बेल्जियमची ती झारा रदरफोर्ड, १९ वर्षांची, एकटी जगप्रदक्षिणा करून जानेवारी २०२२ मध्ये परत आली, १५५ दिवस लागले. ठरवलेलं होतं तीन महिन्यांचं. अलास्कात नोम नावाच्या गावी हवामान आणि व्हिसाच्या भानगडीत महिनाभर अडकली, पुढे रशियात पुन्हा आठवडेच्या आठवडे. आपल्या मुंबईच्या आरोही पंडितने २०१९ मध्ये इवल्याशा लाइट स्पोर्ट विमानाने अटलांटिक एकटीने ओलांडला, स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडा करत, असल्या विमानाने असं करणारी जगातली पहिली बाई, तिथे पण एकेक टप्पा हवा बघून बघूनच. ताई म्हणाली, "ते ठीक आहे रे, पण त्यांच्या आयांना पण प्लॉट विकावा लागला का ते लिहिलंय का कुठे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. तो दिवस. चिऊ आधीच ट्रेनिंगच्या गावी परत गेली होती, नकाशा घेऊन, टेबल मोकळं. सकाळी सहालाच सगळे गच्चीवर. आमचं घर जयताळ्याकडे, विमानं कधी कधी डोक्यावरूनच जातात. आई गच्चीवरच्या पापडांना हात न लावता बसली, म्हणजे बघा. ताई यवतमाळहून आदल्या दिवशीच आली होती. मी तर्री-पोहे आणले होते पण कोणी पुडा उघडला नाही.

निघाली असा तिच्या मैत्रिणीचा मेसेज आला. मग काही नाही. पाऊण तास काही नाही. आकाश कोरं करकरीत, एक घार. बाबा घड्याळ बघत होते. ताई म्हणाली आता यायला पाहिजे नं, मी म्हटलं हो, आणि कोणीच आलं नाही, आठवं मिनिट, दहावं, पंधरावं, मी उगाच पोह्याच्या पुड्याचा दोरा सोडवत बसलो. आणि फोन वाजला. चिऊ! सोनेगावला उतरून पार्किंगला लावून पण झालं होतं. वारा पश्चिमेचा होता, त्यामुळे विमानं खापरीकडून उतरत होती, आम्ही आपले उलट्या दिशेला माना वर करून बसलेलो. मामा तुला वारा बघता येत नाही का, म्हणाली. समोर वाळत घातलेल्या साड्या सगळ्या पूर्वेकडे फडफडत होत्या.

पण मग जाताना ती आमच्याच बाजूने निघणार होती. पाऊण-एक तासाने आवाज आला, मोठ्या विमानाचा नाही, बारीक, शेतातल्या स्प्रे पंपासारखा. पांढरं विमान, हळूहळू वर येत, दोन सीटचं सेसना, उजवी सीट रिकामी. पहिल्या सोलोच्या दिवशी तिने फोनवर सांगितलं होतं की सर उतरले की विमान हलकं होतं, हाताला लगेच कळतं. (त्या दिवशी उतरल्यावर हिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, प्रथाच आहे म्हणे, ताईने तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकला.) बाबा उठून उभे राहिले आणि खांद्यावरचा पंचा हलवायला लागले. तिला दिसणं शक्यच नव्हतं. आई म्हणाली, अवं किती लहान आहे ते.

बघता बघता ते वळलं आणि उन्हात गेलं.

दीड तासाने फोन. पोचली. ताई काही बोलायच्या आत चिऊ म्हणाली, आबांना फोन दे. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला, त्यांना तेवढंच येतं.

"आबा, लिहून ठेवलं होतं त्यापेक्षा तीन मिनिटं उशीर झाला. नागपूरला येताना समोरून वारा होता."

"तीन चालते," बाबा म्हणाले. "चहा घेतला का?"

"नाही अजून. आधी पेट्रोल बघायचं आहे किती उरलं ते."